काटा हिरव्यात आहे

"पाणी आधी बोलतं, काटा सगळ्यात शेवटी," हे मिस्त्रींचं वाक्य लॉन्ड्रीतल्या प्रत्येकाने इतक्या वेळा ऐकलं होतं, की इस्त्रीच्या यंत्रांना तोंड असतं तर तीही ते म्हणून दाखवू शकली असती.

मिस्त्री लॉन्ड्रीच्या तळघरात बॉयलर चालवत. वरच्या मजल्यांवर दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी ढिगांनी येत, धुतल्या जात, वाळत, कडक इस्त्री होऊन घडी घातल्या जात. आणि या सगळ्याला लागणारी वाफ खालून येई. वरच्या लोकांची समजूत अशी होती की कपडे साबणाने स्वच्छ होतात. मिस्त्रींनी ती दुरुस्त करायचा प्रयत्न कधीच सोडून दिला होता. अज्ञानी माणसांवर ते मोठ्या मनाने दया करत.

बॉयलरच्या कपाळावर एक मोठी गोल तबकडी होती. तिच्यावर हिरवा, पिवळा आणि तांबडा असे तीन पट्टे, आणि मधे वाफेचा दाब दाखवणारा काटा. नवखा माणूस आला की त्याची नजर त्या काट्यावर खिळायची आणि मिस्त्रींना भाषणाची संधी मिळायची. "त्याच्याकडे काय बघतोस? काटा हिरव्यातच असतो. नळ्यांच्या आत क्षारांची खपलीवर खपली चढत असते तेव्हाही हिरव्यातच असतो. ज्या दिवशी तांबड्यात जाईल त्या दिवशी तू बघायला असशील की नाही, ते आधी ठरव." मग ते बाटली काढत. रोज सकाळी बॉयलरमधलं थोडं पाणी त्या बाटलीत घ्यायचं, गार करायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे आणि रंग बघायचा. पाण्यात क्षार किती, हे रंग सांगायचा. क्षार वाढले की तळाचा व्हॉल्व उघडून गढूळ पाणी सोडून द्यायचं आणि नवं भरायचं. आजच्या पाण्यावरून पुढच्या वर्षीचा बॉयलर दिसतो, असं मिस्त्री म्हणत. आणि खरं सांगायचं तर त्यांना तो दिसतही असे.

एकदा दुसऱ्या पाळीवाल्याने त्यांना फसवायला बघितलं. गड्याने कित्येक दिवस पाणी तपासलंच नव्हतं. तपासणीच्या आदल्या रात्री त्याने तळाचा व्हॉल्व भरपूर उघडला, गढूळ पाणी वाहून जाऊ दिलं, ताजं भरलं आणि सकाळी ऐटीत नमुना पुढे केला. मिस्त्रींनी बाटली उजेडात धरली.

"वा," ते म्हणाले. "एवढं निर्मळ पाणी तर मी नळालाही पाहिलं नाही. बॉयलरचं आहे की तुझ्या डोळ्यांतलं?"

दुसऱ्या पाळीवाल्याने कानावर हात ठेवले. मिस्त्रींनी मॅनेजरना गाठलं आणि एकच वाक्य टाकलं: ज्याने नमुन्याशी लबाडी केली, त्याला बॉयलरपुढे उभं करायचं नाही. झालं, गड्याची रवानगी घडीच्या टेबलावर झाली.

घडीचं टेबल म्हणजे लॉन्ड्रीतलं काळं पाणी, निदान मिस्त्रींच्या मते. तिथे दिवसभर चादरीची दोन टोकं आपण धरायची, दोन समोरच्याने धरायची, आणि एकमेकांकडे चालत जायचं. जन्मभर न बोलणारी दोन माणसंही तिथे दिवसातून शेकडो वेळा समोरासमोर येत. त्यातून त्या टेबलाचा प्रमुख होता मिस्त्रींचा सख्खा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. त्याला लहानपणी मिस्त्रींनी सायकल शिकवली होती, आणि तो पडला तेव्हा हसलेही होते. मेहुणा ते विसरला नव्हता. तो काहीच विसरत नसे, म्हणून तर त्याला चादरी मोजायला ठेवलं होतं.

दुसऱ्या पाळीवाला काही महिन्यांनी सुधारून खाली परत आला. मिस्त्रींचा दबदबा तेवढा आणखी वाढला.

तर अशा या मिस्त्रींची वार्षिक आरोग्य तपासणी आली.

बॉयलरवरच्या माणसाला डॉक्टरच्या सहीशिवाय उभं राहू द्यायचं नाही, असा कंपनीचा नियम होता. मिस्त्री या नियमाचे कट्टर पुरस्कर्ते होते, कारण आजवर सही मिळाली नव्हती असं कधी झालं नव्हतं. या खेपेला डॉक्टर नवीन होती, त्यांच्या लेकीपेक्षा चारदोन वर्षांनी मोठी असेल. ती मॅनेजरच्या खोलीत बसली होती. तिने मिस्त्रींच्या दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, यंत्राकडे बघितलं.

"ब्लड प्रेशर ठीक आहे," ती म्हणाली.

"असणारच." मिस्त्री बाही खाली करत उठले. "दाबाचंच काम करतो ना आम्ही. कुठे करायची सही?"

"बसा, काका. रक्ताचा रिपोर्ट बघायचाय अजून."

मिस्त्री बसले. डॉक्टरने कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला. आपण बाटली उजेडात धरतो ती याच पद्धतीने, हे मिस्त्रींच्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं.

"तुमचे ट्रायग्लिसराइड्स वाढलेत. म्हणजे रक्तातली चरबी. चांगलं कोलेस्टेरॉल कमी आहे. युरिक ॲसिड जास्त आहे, आणि उपाशीपोटीची साखर अगदी काठावर."

"पण प्रेशर ठीक आहे."

"आज ठीक आहे."

"मग मी आजचंच विचारतोय."

डॉक्टर हसली नाही. "काका, हे आकडे असे एकत्र वर असले ना, की पुढे ब्लड प्रेशर वाढण्याची शक्यता जास्त असते. दर माणसाचं वाढतंच असं नाही. पण ज्यांचं वाढतं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या रक्तात ते आधीच दिसायला लागलेलं असतं. पट्टा नंतर सांगतो."

"म्हणजे तुम्ही भविष्य सांगता."

"नाही. शक्यता सांगते. आणि ती कमी करता येते. काय काय खाता-पिता दिवसभरात?"

आता बॉयलरपुढे उकाडा असतो. उकाड्यात माणसाला तहान लागते. मिस्त्रींची तहान मात्र पाण्याने भागत नसे; बॉयलरला ते पाणी मोजून मापून देत आणि स्वतःला रंगीत, गोड, फसफसणाऱ्या बाटल्या. शिवाय थर्मासमधला चहा, ज्यात साखर विरघळायची थांबेपर्यंत टाकलेली असे. शिवाय चहाबरोबर बिस्किटं, कारण नुसता चहा पित्त करतो. यातलं त्यांनी डॉक्टरला सांगितलं ते एवढंच: "साधं जेवण. घरचं."

डॉक्टरने सही केली, पण तात्पुरती. तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासायचं. तोवर गोड पेयं बंद, रोज चालायचं, वजन थोडं उतरवायचं. आकडे खाली येताना दिसले तर पक्की सही. नाहीतर नवा रिपोर्ट येईपर्यंत बॉयलरपासून लांब, वर कुठेतरी बसून काम.

वर कुठेतरी म्हणजे कुठे, हे तिला ठाऊक नव्हतं. मिस्त्रींना होतं.

घरी लेकीने रिपोर्ट वाचला. लेक रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती; दिवसभर लोकांच्या दंडात सुया खुपसून संध्याकाळी वडिलांशी वाद घालायची तिची ताकद शिल्लक असे.

"बाबा, डॉक्टर बरोबर सांगतायत."

"काटा हिरव्यात आहे," मिस्त्री म्हणाले.

"काय?"

"बीपी नॉर्मल आहे. त्या बाईंनी स्वतः मोजलं. काटा हिरव्यात असताना ओरडायचं कशाला?"

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. लहानपणी तिला डबा द्यायला तळघरात पाठवत तेव्हापासून पाणी आधी काय करतं आणि काटा कधी काय करतो, हे तिला पाढ्यांसारखं पाठ होतं. ती काहीतरी बोलणार होती, पण बायको मधे पडली.

"राहू दे गं. त्यांना सांगून उपयोग नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान. अहो, उद्यापासून थर्मासमध्ये बिनसाखरेचा चहा देते."

"दे की. मी काय नाही म्हणतोय?"

त्यांनी खरंच नाही म्हटलं नाही. बायकोने दिलेला बिनसाखरेचा चहा ते रोज घेऊन जात आणि तळघरातल्या कपाटातल्या डब्यातली साखर त्यात रोज घालत. चालायचं म्हणाल तर बॉयलरभोवती एक फेरी होतच असे. जेवणाच्या सुट्टीत वर गेले की मेहुणा भेटे.

"भावोजी, तुमच्यासाठी खुर्ची बघून ठेवलीय. खिडकीजवळची. वारा छान येतो."

"वारा तू खा. मला वाफेची सवय आहे."

"नाही म्हणजे, बसायची गादी हवी असेल तर आत्ताच सांगा. नंतर स्टोअरमधून मिळायला वेळ लागतो."

मिस्त्री हसत, खाली जात आणि रागाने एक जादा बाटली फोडत. या हिशेबाने बघितलं तर त्यांच्या रक्ताचं निम्मं पाप मेहुण्याच्या माथी जातं.

तीन महिने कसे गेले ते कळलं नाही. न केलेल्या कामाचे महिने भराभर जातात. रक्त द्यायचा दिवस दोन दिवसांवर आला, तेव्हा मिस्त्री बॉयलरसमोर स्टुलावर बसून विचार करत होते. काही झालं तरी वर जायचं नाही. तळघराची ती उष्ण हवा, नळ्यांची गुणगुण, कोणता व्हॉल्व कोणत्या सुरात कुरकुरतो याची ओळख, हे सगळं सोडून मेहुण्यासमोर चादरीची टोकं धरून उभं राहायचं, म्हणजे माणसाने जगायचं तरी कशाला? विचार करता करता त्यांची नजर तळाच्या व्हॉल्ववर गेली.

मिस्त्री बुद्धिमान होते, यात शंका नाही. एवढा सोपा उपाय मोठमोठ्या डॉक्टरांना सुचला नव्हता. रक्त म्हणजे तरी काय, शरीरातलं पाणीच. गढूळ झालंय? सोडून द्या. ताजं भरा. त्यांनी त्याच क्षणापासून खाणं बंद केलं. दोन दिवस अन्नाचा कण नाही आणि पाणी मात्र तांब्यामागून तांब्या. बायकोला सांगितलं, कामावर खाल्लं. कामावर सांगितलं, घरून खाऊन आलो. डबा दुसऱ्या पाळीवाल्याने खाल्ला. तो म्हणाला, मिस्त्री, वहिनींच्या हाताला चव आहे हो. मिस्त्रींनी पाण्याचा आणखी एक तांब्या रिचवला. दुसऱ्या दिवशी जिना चढताना भिंत जरा पुढे आल्यासारखी वाटली. व्हॉल्व उघडल्यावर बॉयलरही थोडा थरथरतोच, असं त्यांनी स्वतःला समजावलं. लघवीच्या फेऱ्या तर इतक्या झाल्या, की डॉक्टरने सांगितलेलं चालणं आपोआप झालं.

रक्त लेकीनेच काढलं. सुई टोचताना ती थबकली.

"बाबा, तोंडाला कसला वास येतोय? गोडूस, पिकल्या फळासारखा."

"फळच खाल्लं काल. तूच म्हणतेस ना, फळं खा."

"रात्रीपासून उपाशी ना?"

"अगदी सांगितल्याप्रमाणे," मिस्त्री म्हणाले. हे मात्र खरं होतं. उलट, सांगितल्यापेक्षा जास्तच.

लेकीने नळीवर चिठ्ठी चिकटवली आणि वडिलांच्या खोल गेलेल्या गालांकडे पुन्हा एकदा बघितलं.

चार दिवसांनी डॉक्टर मॅनेजरच्या खोलीत आली. मिस्त्री आज नवा शर्ट घालून आले होते. पट्टा बांधला गेला; ब्लड प्रेशर गेल्या वेळेपेक्षा किंचित वर, पण हद्दीत.

"काटा हिरव्यात," मिस्त्री म्हणाले.

डॉक्टर रिपोर्ट बघत होती. "ट्रायग्लिसराइड्स एकदम खाली आलेत. साखरही छान."

मिस्त्रींनी मान अशी हलवली, की जणू काही ते तीन महिने डोंगर चढत होते.

"पण युरिक ॲसिड भलतंच वाढलंय. आधीपेक्षा कितीतरी."

मिस्त्रींची मान हलायची थांबली. शरीर उपाशी ठेवलं की युरिक ॲसिड उतरायच्या ऐवजी चढतं, ही माहिती तळाच्या व्हॉल्वने त्यांना दिली नव्हती. बॉयलर उपाशी राहून स्वतःलाच जाळून खात नाही. माणूस खातो.

"काय केलंत, काका?"

"काही नाही. पथ्य पाळलं."

डॉक्टरने कागद टेबलावर ठेवला. ती आता ओरडेल म्हणून मिस्त्रींनी तोंडात उत्तर तयार ठेवलं. पण तिने खुर्ची पुढे ओढली आणि भलतंच विचारलं.

"तुम्ही खाली पाण्याचा नमुना घेता म्हणे. रोज?"

आजवर वरच्या मजल्यावरच्या एकाही माणसाने मिस्त्रींना हा प्रश्न विचारला नव्हता. त्यांचा चेहरा उजळला. "रोज सकाळी. पाणी आधी बोलतं, बाई. काटा सगळ्यात शेवटी."

"आणि नमुना खूपच चांगला आला तर? तुम्हाला बरं वाटत असेल."

"अजिबात नाही." मिस्त्री रंगात आले. "महिनोन् महिने खराब असलेलं पाणी एका दिवसात निर्मळ होत नसतं. तसा नमुना आला की समजायचं, कुणीतरी आदल्या रात्री व्हॉल्व उघडलाय. अशांना वाटतं बॉयलर फसला. बॉयलर कुठला फसतो? खपली आतमध्ये तशीच असते. फसतो बाटली बघणारा. मी नाही फसत. मी नुसती बाटली उजेडात धरली की ओळखतो."

"मग त्या माणसाचं काय करता?"

"करायचं काय? ज्याने नमुन्याशी लबाडी केली, त्याला बॉयलरपुढे..."

इथे मिस्त्रींचं वाक्य थांबलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते अर्ध्यावर थांबलं असेल. दाराशी मॅनेजर उभे होते, त्यांनाही ते पाठ होतं, पण त्यांनी ते पुरं केलं नाही. डॉक्टरनेही केलं नाही. ती नुसती पेनचं टोपण काढून बसली होती.

बॉयलरच्या पाण्याची एवढी चौकशी या बाईने आपणहून केली असेल, हे मिस्त्रींना आता पटेना. यामागे कोण आहे, हे त्यांना कळलं. उपासाने तोंडाला येणारा पिकल्या फळाचा वास लेकीच्या नाकाने ओळखला होता. आणि तिला ओळखायला शिकवलं कुणी? तर मिस्त्रींनी. डबा घेऊन आलेल्या पोरीला स्टुलावर बसवून, बाटली उजेडात धरून. माणसाने आपली विद्या जपून वाटावी ती अशासाठी.

अजूनही मार्ग होता. बॉयलर वेगळा आणि माणूस वेगळा, असं म्हणता आलं असतं. लॅबचं चुकलं, म्हणता आलं असतं. म्हणजे लेकीचं चुकलं. दुसऱ्या पाळीवाल्याने कानावर हात ठेवले होते, ते दृश्य मिस्त्रींच्या डोळ्यांसमोर आलं. तेव्हा तो त्यांना किती क्षुद्र वाटला होता.

"उभं करत नाही," मिस्त्री म्हणाले. मग घसा साफ करून पुन्हा, जरा मोठ्याने: "बॉयलरपुढे उभं करत नाही."

"किती दिवस?"

"पाणी खरोखर सुधारेपर्यंत."

डॉक्टरने टोपण परत लावलं. "ठीक आहे. यापुढे उपास करू नका. नेहमीसारखं जेवा, फक्त बाटल्या आणि साखर सोडा, आणि रोज चाला. खरंच चाला. तीन महिन्यांनी बघू. फार खाली नाही आले आकडे तरी चालेल. खरे आले पाहिजेत."

खिडकीजवळच्या खुर्चीवर खरंच वारा छान येत होता. मिस्त्रींना त्याचाही राग आला.

मेहुणा पहिला पूर्ण दिवस फार सौजन्याने वागला. याहून मोठा सूड त्याला सुचला नसावा. "भावोजी, टोक असं धरा. असं नाही, असं. हां. आता माझ्याकडे या." मिस्त्री चादर धरून त्याच्याकडे चालत गेले. परत मागे आले. पुन्हा गेले. संध्याकाळपर्यंत त्यांच्या पायांचे गोळे दुखायला लागले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की तीन महिन्यांत झालं नव्हतं तेवढं चालणं एका दिवसात झालंय. घरी त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. बायकोने पुढ्यात बिनसाखरेचा चहा ठेवला, त्यांनी तो घेतला आणि तोंड वाकडं केलं. लेक समोर बसून काहीतरी वाचत होती.

"तू सांगितलंस तिला," मिस्त्री म्हणाले.

"काय?"

"पाण्याचं."

"एवढंच सांगितलं, की बाबांना नमुन्यातलं फार कळतं." तिने पान उलटलं. "खोटं आहे का?"

मिस्त्रींनी उरलेला चहा एका घोटात संपवला.

दुसऱ्या पाळीवाला आता खाली पहिल्या पाळीत होता. तो दर सकाळी घडीच्या टेबलाशी बाटली घेऊन येऊ लागला. कुणी सांगितलं नव्हतं, तरी येऊ लागला. मिस्त्री चादर सोडून बाटली हातात घेत, खिडकीच्या उजेडात धरत आणि म्हणत, "बरं आहे," किंवा "थोडं सोडून दे." एकदा पाणी जरा गढूळ होतं. तो ओशाळला.

"असू दे," मिस्त्री म्हणाले. "खरं आहे ना? मग झालं."

मेहुणा हे सगळं बघत असे. महिना होत आला असेल. एके दिवशी मधल्या सुट्टीत तो फसफसणारी बाटली उघडून मिस्त्रींसमोर बसला. दुसऱ्या हातात बिस्किटांचा पुडा होता. त्याच्या सदऱ्याची पोटावरची गुंडी बऱ्याच दिवसांपासून संपावर होती.

"भावोजी, घ्या एक. एकाने काय होतंय?"

"नको."

"तुम्ही फारच मनाला लावून घेतलंत. या डॉक्टर लोकांचं काही खरं नसतं. मी परवाच औषधाच्या दुकानात बीपी मोजलं. फुकट मोजतात. एकदम नॉर्मल." त्याने एक घोट घेतला, ढेकर दिला आणि पोटावर थाप मारली. "तुमच्या भाषेत सांगायचं, तर काटा हिरव्यात."

मिस्त्रींनी त्याच्याकडे बघितलं. कपाळापासून पोटापर्यंत, सावकाश, बाटली उजेडात धरल्यासारखं. आयुष्यात पहिल्यांदाच मेहुण्याचं त्यांना वाईट वाटलं, आणि ते वाटणं त्यांना मुळीच आवडलं नाही. इतकी वर्षं जपलेलं वैर असं एका ढेकरापायी हातचं जाऊ द्यायचं, म्हणजे नुकसानच.

"उद्या सकाळी काही खाऊ नकोस," ते म्हणाले.

"का?"

"लेकीच्या लॅबमध्ये जाऊ. उपाशीपोटी रक्त द्यावं लागतं." मग त्यांना काहीतरी आठवलं आणि त्यांनी घाईने पुढे जोडलं, "फक्त एका रात्रीचं उपाशी. दोन दिवसांचं नाही."

"मला कशाला? मला काय झालंय?"

मिस्त्रींनी ढिगातली वरची चादर उचलली, दोन टोकं आपल्या हातात घेतली आणि उरलेली दोन त्याच्यापुढे केली.

"बाटली खाली ठेव," ते म्हणाले, "आणि हे धर. चालता चालता सांगतो."